ओठ चावायची खोड: लागते कशी, सुटते कशी

मिसळीचा पहिला घास घेतला की मला कळतं, आज ओठ किती खाल्लाय ते. तर्री खालच्या ओठाच्या डाव्या बाजूला, नेमकी सोललेल्या जागी जाऊन बसते आणि डोळ्यांत टचकन पाणी येतं. समोरचा विचारतो, "फार तिखट आहे का?" मी मान हलवते. मिसळ तिखट नाही, मी सकाळपासून स्वतःचाच ओठ कुरतडत बसले होते, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

माझं काम प्रुफं तपासायचं. डोळे कागदावर, दात ओठावर. लॉकडाऊनमध्ये व्हिडिओ कॉल सुरू झाले, तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत एक बाई रवंथ करताना दिसली. ती मीच. तोवर माझी ठाम समजूत होती की मी कधीतरी, अगदी क्वचित ओठ चावते.

आपल्या भाषेत ओठांना बरीच कामं दिलेली आहेत. चिडलेला माणूस दात-ओठ खातो, सोसणारा ओठ घट्ट मिटतो, नको ते बोलून गेलेला जीभ चावतो. पण राग नाही, दुःख नाही, निवांत वाचत बसलेलं असताना जे चावणं चालतं, त्याला वेगळं नाव नाही. जवळचा शब्द एकच, आणि तो फार नेमका आहे: चाळा. हाताला चाळा लागतो, पायाला लागतो, तसा दातांना. डॉक्टर याला ‘बॉडी-फोकस्ड रिपीटिटिव्ह बिहेविअर’ म्हणतात, म्हणजे स्वतःच्याच शरीराला लक्ष्य करून पुन्हापुन्हा होणारी, थांबवू म्हटलं तरी न थांबणारी कृती. नखं खाणं, केस उपटणं, पुटकुळ्या खरवडणं, गाल आतून चावणं ही सगळी याच घरातली भावंडं. पुढे मी चाळा हाच शब्द वापरते.

भाकरीचा पापुद्रा

आधी ओठ ही काय चीज आहे ते बघू, कारण अर्धी गोष्ट तिथेच आहे.

भाकरी टम्म फुगली की वरचा पापुद्रा सुटतो आणि खालची बाजू जाड राहते. हातापायाच्या त्वचेचं बाहेरचं कवच त्या जाड बाजूसारखं असतं, ओठांचं पापुद्र्यासारखं. त्या पातळ कवचातून आतलं रक्त डोकावतं, म्हणून ओठांचा रंग चेहऱ्याहून वेगळा. शिवाय ओठांना घामाच्या ग्रंथी नाहीत, केस नाहीत आणि त्वचेला तेलकटपणा देणाऱ्या ग्रंथीही जवळपास नाहीत. नाक आणि कपाळ आपलं तेल आपण तयार करतात. ओठांना ते वरून लावावं लागतं.

ते आपण लावत नाही. ओठ उलले की जीभ फिरवतो. क्षणभर बरं वाटतं आणि मग ती लाळ वाळते, वाळताना ओठातला ओलावाही घेऊन जाते. लाळ म्हणजे साधं पाणी नव्हेच. शाळेत भाताचा घास बराच वेळ चावायला लावायचे आणि विचारायचे, गोड लागतो का? तो गोड लागायचा, कारण लाळ तोंडातच पचनाला सुरुवात करते. असं पाचक पाणी पापुद्र्याएवढ्या त्वचेवर दिवसातून पन्नास वेळा फिरवलं तर ती चुरचुरणारच. लहान मुलांच्या ओठाभोवती थंडीत लाल कडं उठतं, ते बहुतेकदा चाटण्याचंच असतं.

आता पुढची पायरी. वाळलेल्या ओठाचं एक सालपट एका टोकाने सुटतं. जुन्या घराच्या चुन्याच्या भिंतीला पोपडे सुटलेले तुम्ही पाहिले असतील. तिथे टेकून बसलेल्या माणसाचा हात कुठे जातो? सुटलेल्या टोकाकडेच. ते ओढलं की सैल झालेल्या भागाबरोबर घट्ट असलेला चुनाही निघतो, आणि जाताना नवीन दोन टोकं मोकळी करून जातो. ओठाचं हुबेहूब असंच. दाताने सालपट ओढलं की त्याच्याबरोबर शेजारची अजून न पिकलेली त्वचाही येते. खालचा भाग कच्चा, तो आणखी लवकर वाळतो, उद्या तिथे मोठा पोपडा. खोड आणि कोरडेपणा एकमेकांना खाऊपिऊ घालत राहतात.

भातातला खडा एवढा मोठा का वाटतो

भातात मोहरीएवढा खडा लागला तरी तोंडात दगड आल्यासारखं होतं. तोच खडा बोटावर घेऊन पाहिला की वाटतं, एवढासा होता होय?

कॅनडातल्या मॉन्ट्रियलचे मेंदूचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांच्या कामात याचं उत्तर सापडतं. ते रुग्णाला जागं ठेवून मेंदूवर शस्त्रक्रिया करायचे आणि मेंदूच्या वेगवेगळ्या जागी हलका विद्युतस्पर्श करून विचारायचे, आता कुठे काय जाणवलं? १९३७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने यातून शरीराचा मेंदूतला नकाशा मांडला. त्या नकाशात अख्ख्या पाठीला मिळालेली जागा चिमूटभर आहे आणि ओठ, जीभ, बोटं यांनी मात्र जहागिरी बळकावलेली आहे. त्या मापाने माणूस काढला तर तो सुपाएवढ्या ओठांचा आणि परातीएवढ्या हातांचा निघतो.

त्यामुळे ओठावरचं एवढंसं सालपट मेंदूला एवढंसं वाटतच नाही. जीभ तिथे जाते, चाचपते, परत येते, पुन्हा जाते. काहीतरी खुपतंय, ते काढून टाकलं पाहिजे. दात पुढे येतात, सालपट निघतं आणि क्षणभर ती जागा गुळगुळीत लागते. तो क्षणभराचा ‘हुश्श’ म्हणजे या खोडीचा पगार. पगार किरकोळ असतो, पण दर वेळी आणि जागच्या जागी मिळतो. पगार असा चोख असला की मेंदू ते काम पक्कं करून टाकतो, आणि पुढे आपल्याला विचारतसुद्धा नाही. गाडीचा गिअर बदलताना आपण कुठे विचार करतो?

"टेन्शन घेतेस, म्हणून होतं"

हे मी आयुष्यभर ऐकलं. आईकडून, मैत्रिणींकडून, एकदा तर रिक्षावाल्याकडूनही. ते खोटं नाही. निकालाच्या दिवशी, बँकेच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर ओठ जास्त खाल्ला जातो. पण मग मी जास्तीत जास्त ओठ खाते ते कशाच्या वेळी? सूचीची प्रुफं बघताना. पान ३४१, पान ३४२. त्यात टेन्शन कसलं डोंबलाचं!

पुन्हा मॉन्ट्रियललाच जावं लागेल. तिथल्या विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१५ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. नखं खाणं, केस उपटणं, त्वचा खरवडणं असे चाळे असलेली २४ माणसं आणि तसे चाळे नसलेली २४ माणसं. प्रत्येकाला चार प्रकारच्या प्रसंगांतून नेलं. ताण यावा म्हणून विमान कोसळण्याचं दृश्य दाखवलं, आराम वाटावा म्हणून समुद्रकिनाऱ्याचं. वैताग यावा म्हणून ‘सोपं आहे’ असं सांगून अवघड कोडं हातात दिलं. आणि कंटाळा यावा म्हणून खोलीत नुसतं एकटं बसवून ठेवलं. चाळे असलेल्यांना आरामाच्या वेळेपेक्षा कंटाळ्यात आणि वैतागात त्यांचा चाळा करायची ओढ जास्त झाली.

संशोधकांचा अंदाज असा की ही माणसं एका विशिष्ट अर्थाने काटेकोर असतात. काम हळूहळू होतंय, रिकामं बसावं लागतंय, ठरवलेलं जमत नाही, हे त्यांना सहन होत नाही. अभ्यास लहान होता आणि त्यात ओठांचा वेगळा विचार नव्हता, म्हणून त्यावर मोठी इमारत बांधू नये. तरी माझ्यापुरतं सांगते: खुपणारं टोक काढून सपाट करायची ही धडपड आणि प्रुफातला ऱ्हस्व-दीर्घ टिपायची धडपड, दोन्ही एकाच बाईच्या आहेत.

यातून एक उपयोगाची गोष्ट निघते. चाळा दोन तऱ्हांनी होतो. एक नकळत: पुस्तक, टीव्ही, ट्रॅफिक, मोबाइल. दुसरा जाणूनबुजून: आरशासमोर उभं राहून, सालपट शोधून, ठरवून. बहुतेकांमध्ये दोन्हींची भेसळ असते. पण तुमच्यात कुठला वरचढ आहे ते ठाऊक असलं की उपाय निवडणं सोपं जातं.

हा आजार म्हणायचा का?

परीक्षेत ओठ चावणाऱ्या प्रत्येकाला आजारी ठरवायचं असेल तर अर्धा महाराष्ट्र दवाखान्यात बसवावा लागेल. तसं नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ सालच्या निदानपुस्तिकेत ओठ चावणं, गाल चावणं, नखं खाणं यांचा उल्लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीतही अशा चाळ्यांचा स्वतंत्र गट आहे. पण तिथवर जायला अटी आहेत: इजा होत असली पाहिजे, थांबवायचे प्रयत्न वारंवार फसलेले असले पाहिजेत, आणि त्यापायी मनस्ताप होत असला किंवा रोजच्या जगण्यात अडथळा येत असला पाहिजे. ओठ बरे दिसत नाहीत म्हणून कोणी लग्नाला जायचं टाळत असेल, तर ती ‘सवय’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट राहत नाही.

‘म्हणजे ओसीडी, तो मंत्रचळाचा आजार का?’ हा पुढचा प्रश्न. शेजारघर म्हणा, पण घर वेगळं. ओसीडीत बहुधा आधी एक भीतीचा विचार येतो, हात अस्वच्छ आहेत, गॅस चालू राहिला, आणि ती भीती शमवायला कृती होते. ओठ चावणाऱ्याच्या डोक्यात असा विचार बहुतेकदा नसतोच. त्याचं भांडण सालपटाशी असतं.

रक्त येतं आणि थांबतं, एवढंच ना?

बऱ्याचदा एवढंच. तोंडाच्या जखमा लवकर भरतात. पण रोज तिथेच चावत राहिलं तर ओठ आपल्या परीने बंदोबस्त करायला लागतो.

एक म्हणजे घट्टा. कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात, तसे ओठाच्या आणि गालाच्या आतल्या बाजूला पांढरट, खरबरीत, झिलप्या निघाल्यासारखे पट्टे उमटतात. ते दिसायला भीतीदायक असतात, पण चावणं थांबलं की विरतात. दुसरं, फुगा. खालच्या ओठाच्या आत लाळेच्या अगदी बारीक ग्रंथी असतात. दात लागून त्यातली एखादी नळी फाटली की लाळ बाहेर पडायच्या ऐवजी आतच साठते आणि निळसर, मऊ, द्राक्षाच्या मण्यासारखा फुगा येतो. तो फुटतो, पुन्हा येतो. वारंवार येत असेल तर दाताचे डॉक्टर छोटीशी शस्त्रक्रिया करून तो मुळासकट काढतात. सुईने फोडायचा उद्योग घरी करू नये, ग्रंथी तशीच राहते आणि फुगा परत भरतो. तिसरं, काळपटपणा. आपल्या रंगाच्या त्वचेला इजा झाली की ती बरी होताना डाग मागे ठेवते. सिगारेट न ओढताही ओठ काळवंडले असतील तर त्यामागे हे एक कारण असू शकतं.

आणि कॅन्सर?

नुसत्या चावण्याने पडलेला पांढरा पट्टा कॅन्सरपूर्व मानला जात नाही. इथवर वाचून कोणी सुस्कारा सोडला असेल तर थांबा, कारण आपल्याकडे हे उत्तर एवढ्यावर संपत नाही.

आपल्याकडे खालचा ओठ हा तंबाखूचा डबा आहे. तळहातावर चुना लावून मळलेली चिमूट तिथेच दाबली जाते. मिश्री हिरड्यांवर घासली जाते. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठे मिळतो हे शाळकरी पोरालाही माहीत आहे. तंबाखूमुळे पडणारा पांढरा चट्टाही ओठात, गालात, हिरडीवरच दिसतो, आणि तो मात्र पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. वरवर पाहून दोन्हींत फरक करणं तुमचं-माझं काम नाही. ‘मला चावायची सवय आहे, त्याचंच असेल’ असं तंबाखू खाणाऱ्याने तर अजिबात धरून चालू नये.

चट्टा, गाठ किंवा जखम दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, कडक लागायला लागली, बधिर झाली, किंवा तोंड पूर्ण उघडेनासं झालं, तर दाताच्या डॉक्टरांना दाखवायचं. तंबाखू खात असा वा नसा.

जेव्हा खोड दातांची असते

सगळंच चावणं मनातून येत नाही. वरचे दात पुढे असले की खालचा ओठ आपोआप त्यांच्या मागे सापडतो. नवी कवळी, वाकडी आलेली अक्कलदाढ, तुटलेल्या दाताची धार, यांच्यामुळे एकच जागा सारखी चावली जाते. तुम्ही नेहमी जेवताना एकाच ठिकाणी चावत असाल तर आधी मनाचा नव्हे, दातांचा हिशेब बघा. टूथपेस्टमधला दालचिनी किंवा पुदिन्याचा अर्क काहींच्या ओठांना सोसत नाही आणि सालपटं निघतात. ओठांचे कोपरेच चिघळत असतील तर ब जीवनसत्त्व किंवा लोह कमी आहे का, की बुरशी झालीय, ते तपासायला लागतं.

दाढेसाठी खालचा जबडा बधिर करणारं इंजेक्शन दिलं की ओठ दोन ते चार तास बधिर राहतो. मुलांना त्याची गंमत वाटते आणि ती तो चावत राहतात. संध्याकाळी ओठ सुजून टम्म होतो. बधिरपणा उतरेपर्यंत मुलाला खायला देऊ नका आणि त्याच्यावर नजर ठेवा.

एक अतिशय दुर्मिळ आजारही आहे, लेश-नायहन. १९६४ साली दोन अमेरिकन डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. जनुकातल्या दोषामुळे जवळजवळ केवळ मुलग्यांना होणाऱ्या या आजारात मूल ओठ आणि बोटं चावून अक्षरशः तोडतं, दुखत असूनही. त्याचा आपल्या चाळ्याशी संबंध नाही. इंटरनेटवर वाचून रात्र घालवू नका.

खिडकीतून टाकलेला रुमाल

आता मुद्द्याचं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असं आपण म्हणतो. १९७३ साली नेथन अ‍ॅझ्रिन आणि ग्रेगरी नन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी खोडी घालवायची एक पद्धत मांडली. तिचं नाव ‘हॅबिट रिव्हर्सल ट्रेनिंग’. मी तिला सवयमोड म्हणते. पन्नास वर्षं झाली, आजही अशा चाळ्यांसाठी डॉक्टर पहिल्यांदा तिचंच नाव घेतात.

तिचं मर्म एसटीच्या स्टँडवर वाढलेल्या माणसाला लगेच कळेल. गाडी लागली की आपण खिडकीतून सीटवर रुमाल टाकतो. मग नंतर आलेल्याला ती सीट मिळत नाही. त्याला ढकलावं लागत नाही, त्याच्याशी भांडावं लागत नाही, जागाच भरलेली असते. ‘चावायचं नाही, चावायचं नाही’ असं घोकणं म्हणजे सीट रिकामी ठेवून दारात मारामारी करणं. सवयमोड म्हणजे रुमाल.

पण रुमाल टाकायला गाडी कधी लागते ते कळायला हवं. म्हणून पहिलं काम मोजायचं. मी टेबलावर दोन वाट्या ठेवल्या. एकीत चिंचोके. ओठ चावताना स्वतःला पकडलं की एक चिंचोका दुसऱ्या वाटीत. सोडायचा प्रयत्न नाही, फक्त मोजणं. पहिल्या दिवशी संध्याकाळी ४३ चिंचोके निघाले. चौथ्या दिवशी ५८. वाढले? नाही, आता मला दिसायला लागले होते. आठवड्याने लक्षात आलं की दातांच्या आधी नेहमी जीभ येते. ती डावीकडे जाऊन चाचपते, मग खालचा जबडा किंचित पुढे सरकतो, मग दात. म्हणजे गाडी लागल्याची सूचना होत होती. मी ऐकत नव्हते.

दुसरं काम रुमाल. जीभ चाचपायला निघाली की ती उचलून वरच्या दातांच्या मागे, ‘न’ म्हणताना टेकते तिथे ठेवायची. ओठ हलके मिटायचे. आत दात एकमेकांपासून सुटे ठेवायचे. एक ते तीन मिनिटं तसंच, श्वास नाकाने. करून बघा: जीभ तिथे आणि दात सुटे असले तर ओठ चावताच येत नाही. समोरच्याला काही दिसत नाही, मीटिंगमध्येही चालतं. आणि ओढ ही काही कायमची वस्तीला येत नाही. ती चढते, थोडा वेळ छळते आणि ओसरते. तेवढा वेळ सीट भरलेली ठेवायची, बस्स.

तिसरं काम घरच्यांचं. इथे आमच्याकडे गडबड झाली. नवऱ्याला सांगितलं, चावताना दिसले तर टोक. तो हवालदारासारखा "ओठ!" म्हणून ओरडायला लागला. दोन दिवसांत ओठापेक्षा भांडणंच जास्त झाली. मग ठरलं, त्याने काही बोलायचं नाही, फक्त टेबलावर बोटाने दोनदा टकटक करायची. आणि तासभर चावलं नाही तर तेही बोलून दाखवायचं. हे दुसरं जास्त महत्त्वाचं आहे आणि घरचे नेमकं तेच विसरतात.

या सगळ्याआधी मात्र भिंतीला चुना लावायला हवा. सालपटच नसेल तर जीभ चाचपणार काय? साधी, वास आणि चव नसलेली पेट्रोलियम जेली दिवसातून पाच-सहा वेळा आणि झोपताना जाडसर थर. ती पाणी घालत नाही, असलेलं उडू देत नाही. कोकणात, गोव्यात आमसुलाच्या बियांचं तेल घरात असतं. ते घट्ट गोळ्याच्या रूपात मिळतं, चमच्यात जरासं गरम करून लावलं की उत्तम. तूपही चालतं, फक्त ते चाटायचा मोह आवरत असेल तर. फळांच्या गोड चवीचे लिप बाम मी या कारणासाठी टाकून दिले. मेंथॉल किंवा कापूर असलेले बाम गार वाटतात, पण फुटलेल्या ओठाला ते चुरचुरतात आणि आणखी कोरडं करतात. एखादं सालपट लोंबतंच असेल तर ओढायचं नाही, बारीक स्वच्छ कात्रीने कापायचं.

"एवढं करण्यापेक्षा कडू काहीतरी लाव की"

अंगठा चोखणाऱ्या पोराला कडुनिंब लावतात, तसं. नखांवर ते एखाद्या वेळी चालतं. ओठ दिवसातून तीनदा जेवतात, चहा पितात. कडू थर निघून तरी जातो, नाहीतर जेवण कडू करतो. फुटलेल्या ओठाला तो झोंबतो ते वेगळंच. शिवाय कडू चव फक्त ‘नको’ म्हणते, त्याऐवजी काय ते सांगत नाही.

च्युइंगम? थोड्या वेळापुरतं ठीक, बिनसाखरेचं. बडीशेप, लवंगही चालेल. सुपारी नको, ती स्वतःच एक वेगळी आपत्ती आहे.

हाताला काही काम दिलं तर? २०२३ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संशोधकांनी २६८ जणांवर हे करून पाहिलं. त्यांचे चाळे मुख्यतः नखं, केस आणि त्वचेचे होते. त्यांना शिकवलं की ओढ झाली की बोटांची टोकं एकमेकांवर हळुवार घासायची, तळहातावरून किंवा दंडावरून अलगद बोट फिरवायचं. सहा आठवड्यांनी शिकवलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्क्यांना काही ना काही फरक पडला होता. ज्यांना अजून शिकवलं नव्हतं त्यांच्यात हा आकडा २० टक्के होता. म्हणजे जादू नाही, पण फुकट आहे आणि तोटा शून्य.

औषधं आहेत का? फक्त ओठ चावण्यासाठी म्हणून बनवलेलं एकही नाही. मागे उदासीनता किंवा चिंतेचा आजार असेल तर त्याचे उपचार केल्याने चाळाही कमी होऊ शकतो, ते डॉक्टर ठरवतील. महिनाभर प्रामाणिकपणे करूनही जखमा थांबत नसतील तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशकाकडे जावं. त्यात कमीपणा वाटत असेल तर सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मराठीतूनही बोलता येतं.

राहता राहिली इच्छाशक्ती. ‘मनात आणलं तर सुटेल’ असं म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते, जे मला न विचारता होतंय ते मी मनात आणून कसं थांबवू? आधी ते मनात यायला तर हवं. चिंचोके त्यासाठीच.

मुलांना ओरडायचं का?

नाही. माझी भाची पाचवीत आहे, स्कॉलरशिपच्या वर्षात. बुद्धिमत्तेच्या गणितांना बसली की खालचा ओठ आत जातो तो तासाने बाहेर येतो, सुजून. तिची आई रागवायची, "शी, घाण सवय!" त्याने एवढंच झालं की पोरगी दार लावून अभ्यास करायला लागली. लाज वाटली की चाळा जात नाही, तो लपतो. आणि लपला की मोजता येत नाही.

मी तिच्याशेजारी बसले आणि शहाणपणा शिकवायला तोंड उघडलं, तर ती म्हणाली, "मावशी, तू पण तर खातेस!" आता तिचीही एक वाटी आहे. तिच्यात चिंचोके नाहीत, गुंजा आहेत, तिला लाल रंग हवा होता. मी त्या काढून घेतल्या, गुंज विषारी असते, आणि लाल मणी दिले. रविवारी आम्ही फोनवर आकडे सांगतो. खोटं बोलायचं नाही एवढाच नियम. गेल्या रविवारी तिचे ११, माझे १४.

आज हा लेख लिहिताना माझ्या वाटीत तीन चिंचोके पडले. तिन्ही रुमालाबद्दल लिहिताना.